होकूची सागरयात्रा

चार दिवसांसाठी परगावी जाणाऱ्या माणसाचे गाठोडे आणि गाव कायमचे सोडून निघालेल्या माणसाचे बिऱ्हाड यांत मोठे अंतर असते. पहिल्याजवळ दोन कपडे असतात, तांब्या असतो, फार तर दशम्यांची शिदोरी असते. दुसऱ्याच्या बैलगाडीत मात्र जाते असते, बियाण्याच्या पुड्या असतात, देव्हाऱ्यातले देव असतात. गाडीच्या मागे गाय बांधलेली असते आणि गाडीखालून, चाकांच्या सावलीत, घरचा कुत्रा चालत असतो. गाडीतल्या माणसाने एक शब्द उच्चारला नाही, तरी वाटेवरचा परका मनुष्यही ओळखतो, की हा परत येण्याच्या हिशेबाने निघालेला नाही.

समुद्रावरही हाच न्याय लागू पडतो. तो कसा, हे होकूच्या प्रवासावरून कळते.

१९७६ साली मे महिन्याच्या पहिल्या तारखेस हवाई द्वीपसमूहातील माउई बेटाच्या किनाऱ्यावरून शिडाची एक नौका निघाली. तिला जायचे होते दक्षिणेकडे, विषुववृत्त ओलांडून, ताहिती बेटावरील पापीती या गावी. मधले अंतर ४,००० किलोमीटरांहून अधिक. नौकेचे नाव होते होकूलेआ. तिच्यावर पंधरासतरा माणसे होती आणि त्यांच्याखेरीज एक डुक्कर, कोंबड्या व एक कुत्रा. त्या कुत्र्याचे नाव होकू. हवाईच्या भाषेत 'होकू' म्हणजे तारा.

हौशी दर्यावर्दी कुत्रा बरोबर घेतात तो सोबतीसाठी. रात्रीच्या पहाऱ्याला पायाशी कोणीतरी उबदार बसलेले असावे, एवढीच त्यांची अपेक्षा. होकूची गोष्ट निराळी होती. एका जुन्या वादात साक्ष देण्यासाठी त्याला नौकेवर चढवले होते. त्या बिचाऱ्याला अर्थातच याची काही कल्पना नव्हती.

पॅसिफिक महासागराचा नकाशा उघडला, की उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड आणि पूर्वेस एकाकी पडलेले रापा नुई ऊर्फ ईस्टर बेट, अशी तीन टोके दिसतात. ती जोडली म्हणजे एक प्रचंड त्रिकोण तयार होतो. या त्रिकोणात पाणीच पाणी आहे. बेटे म्हणजे त्या पाण्यावर कोणी मूठभर मोहऱ्या उधळाव्यात तशी. तरीही त्यांतील जवळजवळ प्रत्येक राहण्याजोग्या बेटावर माणसे पोहोचलेली होती आणि ती सर्व एकमेकांशी नाते सांगणाऱ्या भाषा बोलत होती. १७६९ साली कॅप्टन कुक ताहितीला आला, तेव्हा तेथील तुपाइया नावाचा विद्वान पुरोहित त्याच्या जहाजावर चढला आणि त्याने आसपासच्या कित्येक बेटांची नावे व दिशा तोंडपाठ सांगितल्या. पुढे न्यूझीलंडच्या माणसांशीही तुपाइयाला आपल्याच भाषेत बोलता आले. कुक थक्क झाला. लोखंडाची हत्यारे नसताना या लोकांनी एवढा समुद्र पालथा घातला तरी कसा?

पुढच्या काळातील अनेकांनी या प्रश्नाला सोपे उत्तर दिले : योगायोगाने. अँड्र्यू शार्प या न्यूझीलंडमधील अभ्यासकाने १९५६ साली असे मत मांडले, की दूरदूरची बेटे या लोकांनी ठरवून शोधलेली नाहीत. वाट चुकलेल्या किंवा वादळाने लोटलेल्या नावा तेथे जाऊन लागल्या, इतकेच. त्याआधी १९४७ साली थोर हेयरडाल हा नॉर्वेचा साहसी पुरुष 'कॉन-टिकी' नावाच्या लाकडी तराफ्यावरून पेरू देशाहून निघाला आणि वाऱ्यापाण्याबरोबर वाहत १०१ दिवसांनी तुआमोतू बेटांना जाऊन लागला. या बेटांवरची माणसे अशीच अमेरिकेहून आली असावीत, असे त्याचे म्हणणे. त्याच्या धैर्याला तोड नाही. पण धैर्य आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे कुत्रा पुढे येतो. पॅसिफिकमधील या दूरच्या बेटांवर कुत्रा मुळात नव्हता. तो एवढे अंतर पोहून जाणे शक्य नाही. म्हणजे त्याला माणसानेच नेले. आता मासेमारीला निघालेल्या कोळ्याच्या होडीत गळ असतील, जाळे असेल, शहाळी असतील. घरचा कुत्रा, डुकराची पिल्ले, कोंबड्यांची जोडी आणि ओल्या वेष्टनात गुंडाळलेली अळूची व केळीची रोपे कशाला असतील? शिवाय एकटा कुत्रा नेऊन वंश वाढत नाही. नर हवा, मादी हवी. वादळात सापडलेली होडी असा नेमका संसार भरून घेत नाही. १९७३ साली काही संशोधकांनी संगणकावर वारे आणि प्रवाह मांडून हजारो काल्पनिक होड्या सोडून पाहिल्या. नुसत्या वाहत जाणाऱ्या होड्यांपैकी हवाईला पोहोचणारी जवळजवळ एकही निघाली नाही. कुत्र्याने मात्र हीच साक्ष कितीतरी आधी देऊन ठेवली होती. तिकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते.

आणि तो आला कोठून, हेही तो सांगतो. बेटांवरील कुत्रा, डुक्कर आणि कोंबडी या तिघांचेही मूळ आशियात आहे. न्यूझीलंडचे माओरी लोक कुत्र्याला 'कुरी' म्हणतात, ताहितीत 'उरी' म्हणतात, टोंगा बेटांवर 'कुली' म्हणतात; एकच शब्द बेटाबेटांवरून उड्या मारत गेल्याचे हे चिन्ह आहे. अमेरिकेशी या लोकांचा संबंध आलाच नाही असे नव्हे. त्यांच्या शेतातील रताळे निःसंशय दक्षिण अमेरिकेतले आहे. पण रताळे तिकडून आणले म्हणून घरही तिकडचे ठरत नाही. सर्व वस्ती पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे बहुतेक काळ वाहणाऱ्या वाऱ्याच्या उलट दिशेने होत गेली आणि सुमारे ८०० ते १,००० वर्षांपूर्वी हवाई, रापा नुई व न्यूझीलंड ही तीन टोके गाठली गेली. सगळे प्राणी सगळीकडे पोहोचले नाहीत. न्यूझीलंडमध्ये कुत्रा टिकला, पण डुक्कर व कोंबडी रुजली नाहीत; रापा नुईवर कोंबडी राहिली, कुत्रा नाही. एखाद्या नौकेवर वाटेतच मादी मेली असेल, किंवा पाणी संपले असेल, किंवा उपासमारीत माणसांनी अखेरचा उपाय केला असेल. कारण हेही लपवण्यात अर्थ नाही, की त्या लोकांना कुत्रा हा सोबती होता तसा अन्नही होता. हवाईत त्याला अळूचे कांद उकडून कुटलेला 'पोई' नावाचा लगदा चारीत आणि सणासमारंभाला त्याचे मांस रांधीत. हा कुत्रा आखूड पायांचा असे आणि क्वचितच भुंके, असे जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे.

त्या लोकांनी ठरवून प्रवास केले असले पाहिजेत, इतके यावरून दिसते. पण 'केले असले पाहिजेत' म्हणणे वेगळे आणि करून दाखवणे वेगळे. ते करून दाखवण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि टॉमी होम्स यांनी १९७३ साली हवाईत एक मंडळ स्थापन केले. कानेने जुन्या चित्रांवरून आणि वर्णनांवरून नौकेचा आराखडा काढला. कोकणातील लहान होडीला तोल सांभाळण्यासाठी बाजूला उलांडी बांधतात, हे समुद्रकाठच्या मुलांना ठाऊक असते. येथे उलांडीच्या जागी तेवढ्याच लांबीची दुसरी होडी जोडलेली होती. दोन होड्या शेजारीशेजारी, त्यांवर आडवे वासे, वाशांवर फळ्यांचा तक्ता आणि दोन डोलकाठ्यांना खेकड्याच्या नांगीसारखी वर वळलेली शिडे. लांबी सुमारे ६२ फूट. लाकूड आजच्या कारखान्यातले होते, घडण मात्र पूर्वजांची. १९७५ साली मार्च महिन्यात ती पाण्यात उतरली.

नौका झाली, पण ती नेणार कोण? होकायंत्र नाही, नकाशा नाही, घड्याळही नाही, केवळ तारे व लाटा पाहून वाट काढायची, अशी अट होती. आणि ही विद्या जाणणारा हवाईत त्या वेळी एकही मनुष्य उरलेला नव्हता. ज्यांच्या पूर्वजांनी जगातील सर्वांत मोठा महासागर वसवला, त्यांच्या नातवंडांना हे कौशल्य दंतकथेसारखे ऐकावे लागत होते. एवढेच नव्हे, तर तुमचे पूर्वज योगायोगाने येथे वाहत आले, असे पुस्तकातून वाचावेही लागत होते. या प्रवासात नेमके काय पणाला लागले होते, ते यावरून समजेल.

अखेर मायक्रोनेशियातील सातावाल नावाच्या चिमुकल्या बेटावरून माउ पियाइलुग या नावाड्याला बोलावण्यात आले. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून त्याने ही विद्या घेतली होती. ती परक्यांना शिकवू नये असा त्याच्याकडील रिवाज. परंतु आपल्या बेटावरची तरुण पिढीही ती विसरत चालली आहे, हे त्याला दिसत होते. तो आला.

आता होकूकडे वळू. उघड्या नौकेवर कुत्र्याने महिनाभर राहणे म्हणजे काय, याचा विचार प्रवासाची हौस असणाऱ्याने अवश्य करावा. पहिला प्रश्न पाण्याचा. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाकाठी अर्धा लिटरहून थोडे अधिक पाणी लागते. उष्ण प्रदेशात त्याहूनही जास्त. पस्तीस दिवसांचे झाले वीस लिटर. माणसांना मोजून पाणी मिळत असता हे वीस लिटर त्यांच्याच वाट्यातून जाणार. तहानेने समुद्राचे पाणी चाटले, तर कुत्रा आजारी पडतो. म्हणून नजर ठेवणे आले. दुसरा प्रश्न पायांचा. ओल्या फळीवर त्याची नखे घसरतात आणि समुद्रात पडलेला कुत्रा लाटांत दिसेनासा व्हायला फार वेळ लागत नाही. शिडाची नौका बैलगाडीसारखी जागच्या जागी उभी करता येत नाही. तिसरा प्रश्न देहधर्माचा. अंगणात जाण्याची सवय लागलेला कुत्रा तक्त्यावर घाण करायला धजत नाही. काही कुत्री एक-एक दिवस तशीच कुढत बसतात. कोणी त्यांना समजावून सांगायचे, की अंगण अजून तीन हजार किलोमीटर दूर आहे?

खरी गोष्ट तेथेच आहे. माणूस हालअपेष्टा सोसतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पापीतीचा किनारा असतो. कुत्र्यासमोर असे काही नसते. कोठे चाललो, किती दिवस, कशासाठी, हे त्याला सांगता येत नाही आणि त्याची संमतीही घेता येत नाही. त्याची माणसे नौकेवर आहेत, म्हणून तोही नौकेवर आहे; एवढे एकच कारण त्याला पुरते. हे कारण किती मोठे आहे, हे त्याला बरोबर नेणाराने विसरू नये.

नौका दक्षिणेकडे चालली. ईशान्येचा व्यापारी वारा डावीकडून लागत होता आणि तिला पश्चिमेकडे ढकलू पाहत होता. ताहिती तर हवाईच्या किंचित पूर्वेस. एकदा पश्चिमेला वाहवले, की परत वर येणे कठीण. म्हणून माउ तिला शक्य तेवढे वाऱ्याच्या तोंडावर धरून ठेवी. तो फारच थोडे झोपे. रात्री कोणता तारा क्षितिजावर कोठे उगवतो व कोठे मावळतो, यावरून दिशा ठरे. आकाश झाकले, तर लांबून येणारी मोठी लाट नौकेला कोणत्या बाजूने आणि कशी हलवते, हे तो अंगानेच ओळखी.

होकूलेआ हे स्वाती ताऱ्याचे हवाईतील नाव. त्याचा अर्थ 'आनंदाचा तारा'. स्वाती हवाईच्या थेट माथ्यावरून जाते. ताहितीच्या माथ्यावरून जातो तो व्याध. म्हणजे स्वातीखालून निघायचे आणि व्याधाखाली पोहोचायचे, असा हा मार्ग. गंमत अशी, की भारतीय कथेत व्याध हा मृगामागे लागलेला पारधी आहे, तर युरोपीय कथेत तोच तारा पारध्याचा कुत्रा आहे! जसजसे दक्षिणेस जावे, तसतसा मागचा ध्रुवतारा रोज थोडा खाली उतरतो आणि विषुववृत्तापाशी समुद्रात बुडून जातो. समोर त्रिशंकू वर चढू लागतो. दक्षिणेचे हे आकाश माउला सरावाचे नव्हते. निघण्यापूर्वी होनोलुलूच्या तारांगणात बसून त्याने त्याचा अभ्यास केला होता. मोठ्या जाणत्या माणसाने नव्याने विद्यार्थी व्हावे, हे दृश्य पाहण्यासारखे असले पाहिजे.

विषुववृत्ताजवळ वारा पडला. ढग, उकाडा, अधूनमधून पावसाची सर आणि लोंबकळणारी शिडे. अशा वेळी माणसांची मनेही लोंबकळतात. होकूलेआवर भांडणे झाली, आणि ती किरकोळ नव्हती. कोणी काय करायचे, कोणाचे ऐकायचे, यावरून नावाड्यांमध्ये दोन तट पडले. मोठ्या कार्यास निघालेली माणसे आपोआप मोठ्या मनाची होत नाहीत. माउला याचे फार वाईट वाटले. मागे अंतर राखून येणाऱ्या सोबतीच्या नौकेवर होकूलेआचा ठावठिकाणा यंत्रांनी टिपला जात होता, पण तो तिच्यावरील कोणालाही कळवायचा नाही, असे ठरलेले होते. वाट चुकली तरी कोणी सांगणार नव्हते.

वाट चुकली नाही. पुढे आग्नेयेचा वारा मिळाला. सुमारे महिनाभराने पांढरेशुभ्र कुररी पक्षी दिसू लागले. हे पक्षी दिवसा मासे पकडायला समुद्रावर येतात आणि संध्याकाळी जमिनीवर परततात; म्हणजे जमीन एका दिवसाच्या उड्डाणाच्या आत आहे. लवकरच तुआमोतू बेटांपैकी माताइवा नावाचे सखल, नारळींनी वेढलेले कंकणाकृती प्रवाळबेट समोर आले. तेथून ताहिती जवळच.

४ जून १९७६ रोजी होकूलेआ पापीतीच्या बंदरात शिरली, तेव्हा किनाऱ्यावर सुमारे १७,००० माणसे उभी होती.  जेटीवर, छपरांवर, झाडांच्या फांद्यांवर माणसेच माणसे. मुलांना धीर निघेना. पाण्यात उड्या टाकून ती नौकेवर चढली, आणि इतकी चढली, की नौकेची मागची बाजू पाण्यात दबली. पूर्वजांच्या कथेतली नौका त्यांच्या हातांना लागत होती. होकूही प्राचीन कुत्र्यांप्रमाणे शिडाच्या नौकेतून समुद्र ओलांडून ताहितीला आला होता. त्याच्या माणसांना जे सिद्ध करायचे होते, त्यातला आपला वाटा त्याने उचलला होता.

माउ परतीच्या प्रवासाला थांबला नाही. नौकेवरील भांडणांनी विटून तो आपल्या बेटावर निघून गेला. पण काही वर्षांनी तो पुन्हा हवाईला आला. नायनोआ थॉम्पसन या तरुणाला त्याने शिकवले आणि १९८० साली थॉम्पसनने यंत्रांवाचून होकूलेआ ताहितीला नेली आणि परतही आणली. २०१० साली माउ मृत्यू पावला, तेव्हा ही विद्या जाणणारे अनेक जण हवाईत होते.

हवाईचा मूळचा कुत्रा मात्र परत आला नाही. युरोपातून आलेल्या कुत्र्यांशी संकर होऊन ती जात नाहीशी झाली. न्यूझीलंडच्या 'कुरी'चीही तीच गत झाली. होनोलुलूच्या प्राणिसंग्रहालयात १९६० नंतरच्या काळात जुन्या वर्णनांशी जुळणारी कुत्री निवडून ती जात नव्याने घडवण्याचा प्रयत्न काही वर्षे झाला आणि पुढे सोडून देण्यात आला. विद्या एका माणसाच्या स्मरणात राहिली, तरी दुसऱ्याला देता येते. प्राण्याच्या जातीचे तसे नाही.

आजही शिडाच्या नौकेतून कुत्र्यासह पॅसिफिकची बेटे हिंडणारी कुटुंबे आहेत. हवाईत पिसाळण्याचा रोग नाही आणि तो येऊ नये म्हणून तेथील कायदा कडक आहे. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चकती बसवलेली हवी, लशींचे दाखले हवेत, रक्ताची तपासणी हवी. नाहीतर त्याला १२० दिवसांपर्यंत वेगळे ठेवण्यात येते. पहिली कुत्री ज्या किनाऱ्यावर उतरली, तेथे त्यांना अडवणारे कोणीच नव्हते. आताची नौका होनोलुलूच्या बंदरात येऊन उभी राहते, तपासनीस कागद चाळू लागतो, आणि महिनाभर मातीचा वास न मिळालेला कुत्रा कठड्यावर पुढचे पाय टेकून, नाक वर करून, किनारा हुंगत राहतो.